तारेच्या दुसऱ्या टोकाचे यूनुसभाई

यूनुसभाई मुकादमांना माऊसचा तिटकारा होता. "बोट दाखवूनच काम सांगायचं असेल, तर माणूस बोलायला शिकला कशाला?" असं ते म्हणत. संगणकावर चित्रं, बटणं आणि रंगीत खिडक्या आल्या तेव्हापासून माणसाची अक्कल उतरणीला लागली, हे त्यांचं ठाम मत, आणि ते ऐकायला दुसरं कुणी सापडलं नाही तर केस कापणाऱ्यालाही ते ऐकवत. त्यांना हवा असे तो काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक बारीक रेघ. एक ओळ हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, पलीकडून उत्तर यायचं. उत्तर म्हणजे एक तर आकडा, नाही तर ‘ओके’, नाही तर ‘एरर’. चौथी भानगडच नाही.

ही सवय दम्मामची. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या तिथल्या एका कारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. टाक्यांवर, पंपांवर, लांबलांबच्या पाइपांवर नेटवर्कला जोडलेले लहान लहान डबे असत. कुठे किती तापलं, कुठे किती दाब आला, हे ते डबे मोजायचे, आणि सांगितलं तर एखादा पंप चालू-बंदही करायचे. यूनुसभाई थंडगार खोलीत बसून त्यांना हुकूम सोडत. बाहेर वाळू भाजून निघत असली तरी कपाळाला घाम नाही. इतकी वर्षं अरबस्तानात काढून उन्हाने न रापलेला पनवेलचा हा एकमेव माणूस असावा.

आणि घर? घरही त्यांनी याच पद्धतीने चालवलं. शुक्रवारी नमाज झाली की फोन यायचा.

"फी?"

"भरली," बायको, हुस्नबानो, सांगायची.

"गॅस?"

"आला."

"जास्मीनचा ताप?"

"उतरला."

"ओके," म्हणून फोन बंद. ज्याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही असा प्रश्न आपल्या नवऱ्याने लग्न झाल्यापासून विचारलेला नाही, असं हुस्नबानो शेजारणींना सांगे. सांगताना ती हसायची, पण शेजारणी तिच्याकडे जरा जपूनच बघत. थोरल्या जास्मीनचा निकाहदेखील असाच पार पडला. यूनुसभाईंना रजा मिळाली नाही, म्हणून मोबाइलचा स्पीकर लावून वडिलांची मंजुरी विचारली गेली. यूनुसभाई नियंत्रणकक्षाच्या कोपऱ्यात उभे राहून "मंजूर" म्हणाले आणि पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसले. आपल्या हातून एक महत्त्वाचा हुकूम वेळेवर सुटला याचं त्यांना समाधान होतं.

दोन हजार आठच्या सुमाराला ते कायमचे परतले. मोहल्ल्यातलं भाड्याचं घर सोडून नवीन पनवेलमध्ये फ्लॅट घेतला, आणि पहिल्याच महिन्यात पाण्याच्या टाकीत एक, फ्रिजमध्ये एक आणि तांदळाच्या पिंपात एक असे सेन्सर बसवले. तांदूळ किती उरलेत हे लॅपटॉपवर दिसू लागलं. हुस्नबानोने पिंपाचं झाकण उघडून तेच पाहिलं आणि झाकण जरा जोरातच बंद केलं. त्यात तार तुटली. यूनुसभाईंनी ‘रीड’ टाइप केलं, उत्तर आलं ‘एरर’. त्यावर काय ते ओळखून त्यांनी घरातले बाकीचे सेन्सर आपणहून काढले.

नशिबाने त्यांना काशीराम शेठ भेटले. शेठ मूळचे रोडपालीकडचे शेतकरी. जमीन नव्या शहरात गेली, मग उरलेल्या तुकड्यावर त्यांनी कोल्ड स्टोरेज उभारलं. त्यात सफरचंदं, संत्री, असला माल राही. यूनुसभाईंनी तिथे एक डबा बसवला. प्रत्येक खोलीत तापमान मोजणारा एक सेन्सर, सेन्सरपासून एक तार डब्यापर्यंत, डब्यातून इंटरनेट, आणि इंटरनेटमधून थेट यूनुसभाईंचा काळा पडदा.

"आता मी घरी बसून तुमचं कोल्ड स्टोरेज चालवीन," ते शेठना म्हणाले.

"घरी बसून?" शेठ दचकले. "तुमी काय भूत हाव का काय?"

यूनुसभाईंनी ‘रीड तीन’ असं टाइप करून दाखवलं. तीन नंबरच्या खोलीचं तापमान पडद्यावर उमटलं. शेठची म्हातारी आई ठमाबाई बाजूला खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. तिला सगळ्यात जास्त आवडला तो डब्यावरचा लुकलुकणारा हिरवा दिवा.

"आजी, हा डबा शाबूत आहे ना, तोवर तुमचं एक फळ नासणार नाही," यूनुसभाई म्हणाले. "इथला खरा मालक हाच." शेठना ते वाक्य विशेष रुचलं नाही, पण ठमाबाईने डब्याला हात जोडले. यूनुसभाईंना त्या वेळी फार बरं वाटलं.

मग धाकटीची, नशराची, मंगनी ठरली. मुलगा उरणचा, फहाद. दोन्ही घरांना सोयीचा म्हणून रविवार धरला, आणि त्या रविवारी नेमका दसरा आला. हुस्नबानोने तयारी सगळी एकटीने केली, तिला त्याची सवयच होती. नवऱ्याकडून तिला एकच गोष्ट हवी होती.

"त्या दिवशी तुम्ही घरी पाहिजेत."

"मग? घरीच असणार," यूनुसभाई म्हणाले. आणि ते खरंच घरी होते, याबद्दल कुणालाही शंका घेता येणार नाही.

पाहुण्यांसाठी हुस्नबानोने मातीच्या वाट्यांत फिरनी, म्हणजे तांदळाची घट्ट खीर, लावली होती. एवढ्या वाट्या फ्रिजमध्ये मावेनात, तेव्हा काशीराम शेठ म्हणाले, "आमच्या तीन नंबरात ठेवा की. दसऱ्याची पूजा आवरली का काळूराम टेम्पोतनं पोचवल." काळूराम म्हणजे कोल्ड स्टोरेजचा रखवालदार, मशीनवाला, हमाल, जे लागेल ते. शनिवारी सगळ्या वाट्या तीन नंबरमध्ये गेल्या आणि हुस्नबानोच्या डोक्यावरचा एक भार कमी झाला.

रविवारी सकाळी नवा कुर्ता घालून, अत्तर लावून यूनुसभाई तयार झाले. पाहुण्यांना अवकाश होता. ‘एकदाच बघतो,’ असं मनाशी म्हणत ते सामानाच्या खोलीत शिरले. गाद्यांची चळत आणि ते तांदळाचं पिंप यांच्यामध्ये त्यांचा लॅपटॉप असायचा. स्टुलावर बसून त्यांनी टाइप केलं, ‘रीड तीन’.

तीन नंबरमध्ये चार अंश असायला हवे होते. पडद्यावर आले नऊ.

यूनुसभाईंनी चष्मा पुसला. पुन्हा ‘रीड तीन’. अकरा.

आता तीन नंबरमध्ये शेठचा काश्मीरहून आलेला सगळा माल होता. तो नासला तर शेठ हार घालणार नव्हते. आणि हे काम गेलं तर या वयात पनवेलमध्ये दुसरं कोण देणार? मग पुन्हा पासपोर्ट शोधायचा, पुन्हा दम्माम, पुन्हा शुक्रवारचा फोन. त्यांनी काळूरामला फोन लावला. घंटी वाजत राहिली. शेठना लावला, तीच गत. ऑफिसचा लावला, तोही कुणी उचलेना. अख्खं कोल्ड स्टोरेज माणसांसकट कुठे गेलं ते कळेना.

मग यूनुसभाईंनी बाह्या सरसावल्या. काँप्रेसर पूर्ण जोराने चालव, असा हुकूम दिला. उत्तर आलं ‘ओके’. पंखे वाढव. ‘ओके’. तीन नंबर शून्याखाली ने. ‘ओके’. आणि मग ‘रीड तीन’, तर पंधरा! डबा प्रत्येक हुकूम मानत होता आणि ऐकत मात्र नव्हता. असा अनुभव यूनुसभाईंना आजवर फक्त घरात आला होता.

तेवढ्यात पाहुणे आले. यूनुसभाई लगबगीने बाहेर आले, सलाम केले, गळाभेटी घेतल्या, "बसा, बसा" म्हणाले, आणि सगळे बसायच्या आत अदृश्य झाले. मुलाकडून बोलायला आले होते त्याचे चाचा, फुजैलसाहेब. थोर माणूस, आवाज खणखणीत, आणि तोंडात नवीकोरी कवळी. तिचा त्यांना इतका अभिमान होता की ते कारण नसताना हसत. त्यांनी चौकशी केली, "मुकादमसाहेब कुठे गेले?"

"आलेच," हुस्नबानो म्हणाली.

सरबत झालं. मुकादमसाहेब आले नाहीत. नाश्ता झाला. मधे एकदा दारातून डोकं काढून ते सगळ्यांकडे बघून हसले आणि पुन्हा आत ओढले गेले. जास्मीन, माहेरी आलेली, बोलवायला गेली. "अब्बा, सगळे थांबलेत."

"ओके," पडद्यावरची नजर न हलवता अब्बा म्हणाले. पडद्यावर एकोणीस झाले होते. 

बाहेर नशराला आणून बसवलं होतं. मान खाली घालून बसायची रीत, ती तिने अर्धी पाळली. मान खाली होती, डोळे सामानाच्या खोलीच्या दाराकडे. फुजैलचाचांनी बराच वेळ वाट पाहिली. मग, ज्या दाराआड मुलीचा बाप आहे त्या दाराकडे तोंड करून, त्यांनी आपला खणखणीत आवाज लावला. "मुकादमसाहेब! आमच्या फहादसाठी आम्ही तुमच्या नशराचा हात मागतोय. मंजूर आहे का?"

दाराआडून आवाज आला, "ओके!"

सगळी बैठक हसली. फुजैलचाचा तर कवळीला ताण पडेल एवढे हसले. फहादही हसला आणि मग नशराकडे बघून गप्प झाला. हुस्नबानो हसली नाही. ती उठली, सामानाच्या खोलीत गेली आणि तिने आतून दार लावून घेतलं.

"नशराचे अब्बा, उठा."

"बानो, फक्त दोन मिनिटं. तीन नंबर तापलाय. माल जाणार सगळा. काम जाईल माझं, कळतंय का? पुन्हा परत जावं लागेल मला."

"आत्ता कुठे आहात?"

यूनुसभाईंनी वर पाहिलं. "घरी. घरीच आहे की."

हुस्नबानो गाद्यांना टेकून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "जास्मीनच्या वेळी फोनवर मंजूर म्हणालात, आठवतं?"

"म्हणालो ना. मोठ्याने म्हणालो."

"कुणाला ऐकूच आलं नाही ते. विचारलं आणि लाईन गेली. सगळे त्या मोबाइलकडे बघत बसले, आणि पोर माझ्याकडे बघत होती. मीच म्हणाले, हो म्हणाले, मी ऐकलं. खोटं बोलले मी, भर मजलिसीत."

इतकी वर्षं यूनुसभाईंना वाटत होतं, तो हुकूम पोचला. उत्तर आलं नव्हतं हे खरं, पण लग्न तर झालं होतं, म्हणजे पोचलाच असणार. "मला सांगितलं नाहीस," ते पुटपुटले.

"विचारलंत कधी? तेव्हा दम्माम लांब होतं, म्हणून मी बोलले खोटं. आज मधे एक दार आहे. आज नाही बोलणार."

लॅपटॉप किंचाळायला लागला. तीन नंबरने विशी ओलांडली होती. यूनुसभाईंनी पडद्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. शेठचा माल डोळ्यांसमोर सडताना त्यांना दिसत होता, विमानतळही दिसत होता. या माणसाला भीती वाटत नव्हती असं नाही. पण ते उठले, आणि लॅपटॉप तसाच किंचाळत ठेवून बाहेर आले.

"फुजैलसाहेब," ते बैठकीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "पुन्हा विचारा."

फुजैलचाचांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू आवाजात.

आता एका शब्दाचं काम होतं, आणि एका शब्दात यूनुसभाईंचा हात धरणारा पनवेलात दुसरा नव्हता. पण शब्द फुटेना. नशराने मान वर केली होती, रीत-बीत सगळी विसरून. यूनुसभाई तिच्यापाशी गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलायला लागले, तर थांबेचनात. ही झाली तेव्हा मी नव्हतो, हिचा पहिला रोजा मी पाहिला नाही, ही शाळेत पहिली आली ते मला फोनवर कळलं आणि मी ओके म्हणालो, हिला काय आवडतं ते मला अजून नीटसं ठाऊक नाही, फहादमियाँ, तुम्हाला कळलं तर मलाही सांगा, आणि लांब नका जाऊ हो कामाला, जवळच कुठे तरी बघा. बोलता बोलता त्यांना रडू कोसळलं. जास्मीनही रडायला लागली. फुजैलचाचांनी रुमाल काढला आणि मग घाईघाईने विचारलं, "म्हणजे मंजूर ना?"

"मंजूर, मंजूर," यूनुसभाई नाक पुसत म्हणाले. दुआ झाली, अंगठी झाली, एकच गलका झाला. आतला लॅपटॉप त्या गलक्यात कुणाला ऐकू आला नाही.

याच वेळी काळूराम हजर झाला. कपाळभर कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, मागे फिरनीची खोकी. यूनुसभाई त्याच्यावर झेपावलेच. "काळूराम! फोन का उचलत नव्हतास? तीन नंबर?"

"फोन पूजेला ठेवले व्हते, साहेब," काळूराम शांतपणे म्हणाला. "दसरा हाय ना आज. आवजारांची पूजा. समद्यांचं मोबाइल मांडले, हळदकुंकू वाहिलं. पूजंतली वस्तू वाजली म्हणून काय उचलायची? तुमचा फोन दिसत व्हता आमाला. शेठनं नमस्कार केला त्याला."

"आणि तीन नंबर? तापलाय तो!"

"तापलाय?" काळूरामने दोन्ही हात पुढे केले. बोटं लालभडक झाली होती. "साहेब, बरफ पडायचा बाकी हाय आत. आमी गोधडी घेऊन शिरलो."

मग हळूहळू उलगडा झाला. ठमाबाईने सकाळी जाहीर केलं होतं की सगळ्यात आधी मान डब्याचा, कारण खरा मालक तोच, असं यूनुसभाई बोलले हाय. डब्यासमोर समई लावली, पण तिथे मशीनच्या पंख्याचा वारा, ज्योत टिकेना. तेव्हा म्हातारीने डब्यातून निघालेली तार पाहिली. तार कुठे जाते ते बघत बघत ती तीन नंबरमध्ये गेली. तिथे फळीच्या वर, खोक्यांच्या आडोशाला, तारेचं टोक लोंबत होतं. त्या टोकाला तिने हार घातला आणि बरोबर त्याच्या खाली समई ठेवली. "म्हातारी बोलली," काळूरामने सांगितलं, "तारेच्या या टोकाला केली तरी पूजा त्याला तिकडं पोचती. साहेब नाय का घरात बसून करत?"

यूनुसभाई मटकन खुर्चीत बसले. सकाळपासून सगळा जोर लावून ते एक समई थंड करत होते.

एव्हाना फिरनी वाटली गेली होती. गार हवा फेकणाऱ्या ब्लोअरच्या तोंडाशी ठेवलेल्या वाट्या त्या, दगड झालेल्या. एका पाहुण्याचा चमचा वाकला. फुजैलचाचांनी मोठ्या विश्वासाने घास घेतला आणि त्यांची कवळी फिरनीतच राहिली. ती सोडवायला फहादला गरम पाणी आणावं लागलं, आणि होणाऱ्या सासरी त्याचं ते पहिलं काम ठरलं. इतका वेळ गंभीर राहिलेली हुस्नबानो ओढणीत तोंड लपवून हसत सुटली ती आवरेचना.

"पण साहेब, समई विझवायची नाय म्हणती म्हातारी, आन् हलवायचीबी नाय," काळूराम म्हणाला. "आता सफरचंदं गोठतील. तुमी तेवढी कमांड मारा."

हुस्नबानोचं हसू थांबलं. सामानाच्या खोलीचं दार उघडंच होतं. नशरानेही तिकडे पाहिलं. खरं तर एका ओळीचं काम होतं.

यूनुसभाई उठले नाहीत. त्यांनी घसा साफ केला. "काळूराम, पॅनलच्या मागे हात घातलास की एक खटका लागेल. तो खाली ओढ. मग डबा बाजूला होतो आणि मशीन आपलं आपण चालतं, पूर्वी चालायचं तसं."

"असा खटका हाय? कवापासनं?"

"पहिल्यापासून," यूनुसभाई म्हणाले. हे त्यांनी आजवर शेठनाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर यूनुसभाईंशिवाय अडतं कुणाचं?

"म्हंजे," काळूराम विचार करत म्हणाला, "तुमी नसलाव तरी चालल?"

"तिथं चालेल," यूनुसभाई म्हणाले, आणि खुर्ची ओढून नशराच्या शेजारी बसले.